माणशी अर्धा एकर पाणी

मे 1973 मध्ये महाराष्ट्रात 50 लाखांच्या आसपास माणसं सरकारच्या दुष्काळी कामांवर राबत होती. लागोपाठ तीन वर्षं पावसानं दगा दिला होता. 1972 साली तर कित्येक तालुक्यांत पेरलेलं उगवलं नाही, आणि उगवलं ते कणसावर येण्याआधीच करपलं. राज्यातलं धान्याचं पीक नेहमीच्या निम्म्याहून खाली आलं. जमीन असलेले शेतकरीही बायकामुलांसह कामावर हजेरी लावू लागले, कारण रान होतं पण कणगीत दाणा नव्हता. खडी फोडायची, मुरूम वाहायचा, रस्त्याचा भराव घालायचा, पाझर तलावाची माती टोपल्यांनी काढायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर सुकडी. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला हे सगळं अजून तोंडपाठ आहे.

अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला. एवढं मोठं संकट येऊनही भूकबळींची लाट आली नाही, याचं श्रेय त्यांनी मुख्यतः या कामांना दिलं. शंभर वर्षांपूर्वी, 1876 ते 78 च्या दुष्काळात, याच दख्खनच्या पठारावर माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडली होती. त्या तुलनेत 1973 चा महाराष्ट्र जगला, आणि ही गोष्ट लहान नाही.

पण जगवणं वेगळं आणि पुन्हा तशी वेळ न येऊ देणं वेगळं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुरंदर तालुक्यातल्या एका उजाड टेकडीवर शोधलं गेलं. ते दोन भागांचं होतं. पहिला भाग राज्यानं उचलला, त्याच्या योजना केल्या, त्यावर कोट्यवधी रुपये खर्च केले. दुसरा भाग अवघड होता आणि तो बाजूला राहिला. आजही उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, त्याचं एक मोठं कारण या अर्धवट उचलीत आहे, असं मला वाटतं.

महाराष्ट्राचं पाण्याचं दुखणं आधी समजून घ्यायला हवं. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस घाट उतरून पूर्वेला आला की पाहता पाहता आटतो. पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांच्या पूर्वभागात आणि नगर, सोलापूरच्या काही भागांत तो जेमतेम 400-500 मिलिमीटरवर येतो, आणि तोही चारदोन तडाख्यांत पडून जातो. खाली काळा बेसाल्ट. राज्याचा चार पंचमांश भाग या लाव्हाच्या कातळानं व्यापलेला आहे. गाळाच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याचे जाड थर असतात, इथे ते नाहीत. भेगांमध्ये आणि झिजलेल्या वरच्या थरात मुरेल तेवढंच पाणी. ओढ्याला पूर येऊन गेला की आठ दिवसांत ओढा कोरडा, आणि जाताना तो टेकडीवरची माती घेऊन जातो.

यावर इंग्रजी अमलानं काढलेला तोडगा होता कालव्यांचा. भाटघरच्या धरणावरचा नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, तो दुष्काळापासून संरक्षण म्हणून. ज्वारी-बाजरीला ऐन गरजेला एखादं-दुसरं पाणी मिळावं, जास्तीत जास्त गावं तगावीत, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीवाला शेतकरी पैसे मोजून कालव्याचं पाणी घेईना. मग ते उसाकडे वळलं, आणि कालव्याच्या तोंडाशी असलेल्या रानांत बारमाही मुरू लागलं. विश्वेश्वरय्या त्या काळात मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. त्यांनी नीरेच्या लाभक्षेत्रात ब्लॉक पद्धत आणली: एका गटातल्या थोड्याच भागात ऊस, बाकी भागात हंगामी पिकं, आणि पाणी अधिक गावांत पसरलेलं. म्हणजे पाणी आणलं तरी ते कोणत्या पिकाला आणि किती रानांना, हा प्रश्न या मुलखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा होता. साखर कारखाने आले तशी उसाची ओढ वाढतच गेली.

दुसरा तोडगा होता दुष्काळी कामांचा. तोही इंग्रजी काळातल्या दुष्काळसंहितेतून आलेला. माणसाला काम द्यायचं, मजुरी द्यायची. कामातून काय उभं राहतं हा पुढचा प्रश्न. म्हणून खडी. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनीही दुष्काळ म्हटला की पहिला आठवे तो खडीचा ढीग.

हे बदलायला हवं, असं वाटणाऱ्यांपैकी एक होते वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले. मागेल त्याला गावाजवळ काम मिळालं पाहिजे आणि त्या कामातून शेतीला उपयोगी असं काही उभं राहिलं पाहिजे, ही त्यांची मांडणी. तिचा पहिला प्रयोग दुष्काळाच्या आधीच, 1969 च्या सुमारास, विसापूर गावात झाला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दुष्काळानं त्याला बळ दिलं. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. खर्चासाठी शहरांतल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे चार पैसे माणदेशातल्या बाईच्या मजुरीला जात होते. देशात अशी हमी देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, आणि 2005 चा केंद्राचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती ही कामं यातून हजारोंनी झाली. पण पाझर तलाव बांधून झाल्यावर त्याखालच्या विहिरींना जे पाणी वाढे, ते ज्याची विहीर त्याचं. माती वाहणारी बाई बहुधा भूमिहीन घरातली असे, आणि तिच्या वाट्याला मजुरीच येई.

नेमकी ही जागा विलासराव साळुंखे यांनी पकडली.

साळुंखे अभियंते होते. पुण्यात त्यांचा अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना होता. 1972 च्या दुष्काळात मदतीच्या निमित्तानं ते पुरंदर तालुक्यात गेले. पुण्यापासून दिवे घाट चढून गेलं की लागणारा हा तालुका. सासवड, जेजुरी, कऱ्हेचं कोरडं पात्र, आणि घाटापलीकडच्या पुण्याहून कितीतरी कमी पाऊस. हजारो माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली. एवढे हात आणि एवढा पैसा माती नि पाणी धरून ठेवण्याकडे वळवला तर पुढच्या दुष्काळात ही वेळ येणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. अधिकाऱ्यांच्या मागे लागून त्यांनी तालुक्यातल्या कामांची दिशा बांधबंदिस्ती आणि पाझर तलावांकडे वळवायला लावली. दुष्काळ सरला, मदत करणारे परत गेले. साळुंखे मात्र पुरंदरातच गुंतले. 1974 मध्ये त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं आणि नायगावच्या देवस्थानची 40 एकर जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं घेतली. जमीन म्हणजे टेकडीचा उतार, मुरमाड आणि झिजलेला. गावात कुणी फुकट दिली तरी घेतली नसती अशी.

पुढची काही वर्षं ते आणि पत्नी कल्पनाताई नायगावातच राहिले. टेकडीच्या माथ्यापासून सुरुवात झाली. उतारावर समपातळीत बांध घातले, वरच्या भागात झाडं आणि गवत लावलं, वाहून जाणारं पाणी ठिकठिकाणी थोपवलं. पायथ्याशी पाझर तलाव, त्याखाली विहीर, आणि विहिरीतलं पाणी पंपानं पुन्हा वर उचलून उतारावरच्या रानांना. आज शाळकरी मुलंही ‘माथा ते पायथा’ म्हणतात, त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. पाणी माथ्यावर असतं तेव्हा त्याला वेग नसतो, ते चार बोटांच्या चरातही थांबतं. खाली ओढ्यात आलं की त्याला थांबवायला मोठा बांध लागतो, आणि तोही वरची माती येऊन दोनचार पावसाळ्यांत गाळानं भरतो. म्हणून आधी माथा, मग उतार, ओढा सगळ्यात शेवटी. ज्या रानात पूर्वी वर्षाला दहाबारा क्विंटल धान्य निघत नसे तिथे काही वर्षांत त्याच्या कित्येक पट निघू लागलं. जवळपासच्या गावचे लोक पाहायला येऊ लागले.

इथवरची गोष्ट इतरत्रही घडली आहे. साळुंखे वेगळे ठरतात ते यानंतर. नायगावच्या अनुभवावरून त्यांनी हिशेब मांडला: या पावसात, या मातीत, एका माणसाचं पोट भरायला अर्धा एकर रान भिजलं तरी पुरतं. मग पाणी जमिनीच्या मापानं न वाटता माणसांच्या मापानं वाटलं तर? 1979 च्या सुमारास या विचारातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम मोजके होते आणि कडक होते.

उपसा योजना एकट्यादुकट्याची नसेल, गटाची असेल. घरात जितकी माणसं तितके अर्धे एकर, पण एका कुटुंबाला अडीच एकरांच्या वर पाणी नाही. पाच माणसांच्या घराकडे वीस एकर असले तरी भिजणार अडीचच, उरलेले साडेसतरा पावसावर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, गटाकडे परत येतं. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा आहे, तो दुसऱ्याचं रान वाट्यानं करून तिथे आपलं पाणी वापरू शकतो. ऊस लावायचा नाही. खर्चातला पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा, निम्मा सरकारी अनुदानातून, उरलेला प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून. पाणी सोडणारा पाटकरी गटानं नेमायचा आणि त्याची मजुरी गटानं द्यायची.

उसाची बंदी बाहेरच्यांना टोकाची वाटे. हिशेब मात्र सरळ होता. एक एकर उसाला वर्षभरात जेवढं पाणी लागतं तेवढ्यात ज्वारी-बाजरीची आठदहा एकर रानं भिजतात, असा शेतकऱ्यांचाच ढोबळ अंदाज आहे. पाणी मोजकं असताना एकानं ऊस लावणं म्हणजे तीनचार घरांचं धान्य अडवणं. आणि भूमिहीनाला पाणी देण्यामागे साळुंख्यांची भूमिका अशी होती की पाऊस कुणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही, तो गावावर पडतो. मला त्यांच्या सगळ्या कामात हा नियम सगळ्यात धाडसाचा वाटतो. जमीनधारणेचे कायदे करून राज्य जे साधू शकलं नव्हतं, त्याच्या जवळपास जाण्याची वाट त्यांनी पाण्यातून काढली होती.

ऐंशीच्या दशकात पुरंदर आणि आसपासच्या तालुक्यांत पाणी पंचायतीच्या अनेक योजना चालल्या. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं परतल्याची उदाहरणं घडली. साळुंख्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. विचार तालुक्याबाहेरही गेला, आणि त्याच्या दोन शाखा झाल्या.

पहिली शाखा नगर जिल्ह्यात. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत 1975 मध्ये सैन्यातून परतलेले अण्णा हजारे. गावात दारूच्या भट्ट्या होत्या, यादवबाबांच्या मंदिराची लाकडंही त्या भट्ट्यांत गेली होती, आणि शेती पावसाच्या मेहेरबानीवर. अण्णांनी नायगावला जाऊन साळुंख्यांचं काम पाहिलं आणि पाणलोटाची कामं आपल्या गावात सुरू केली. त्याला जोड दिली ती शिस्तीची: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. सामुदायिक विहिरी झाल्या, उसाला मज्जाव झाला, गाव बदललं आणि ते देशभर गाजलं. 1992 मध्ये राज्यानं त्यावरून आदर्श गाव योजना काढली. मात्र चराईबंदीची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. डोंगर बंद झाला की बागायतदाराच्या विहिरीला पाणी वाढतं. चार शेळ्यांवर जगणाऱ्या घराला त्या दिवसापासून चारा विकत घ्यावा लागतो किंवा शेळ्या विकाव्या लागतात. गवत कापून नेण्याची मुभा नंतर मिळते, पण मधली दोनतीन वर्षं त्या घरानं कशी काढायची? पाणी पंचायतीत याला उत्तर होतं, भूमिहीनाचा पाण्यातला वाटा. आदर्श गावांच्या बहुतेक आराखड्यांतून नेमकं तेच गळलं.

दुसरी शाखा सांगली जिल्ह्यात. खानापूर तालुक्यात ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीनं दुष्काळाच्या मुळाशी जायचं ठरवलं. कार्यकर्त्यांत डॉ. भारत पाटणकर होते, तांत्रिक बाजू सांभाळायला के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते. येरळा नदीच्या पात्रातली वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि त्यामुळे विहिरी आटत होत्या. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी तीच वाळू मर्यादेत विकून पैसा उभा केला आणि श्रमदानातून बळीराजा धरण बांधलं. पाण्याचं वाटप कुटुंबागणिक समान, भूमिहीनांसकट. इथे पाणी पंचायतीचा विचार एका संस्थेच्या छत्राखालून निघून चळवळीच्या हातात आला.

सरकार दरम्यान पहिल्या भागाकडे, म्हणजे पाणी अडवण्या-मुरवण्याकडे, वळलं होतं. 1983 पासून सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम आला. 1992 मध्ये सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचं वेगळं खातं झालं. त्याच काळात नगरच्या सोशल सेंटरमधून वर्षानुवर्षं खेड्यांत काम करणाऱ्या हर्मन बाखर या स्विस जेझुइट पाद्र्यांच्या पुढाकारानं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. नाबार्ड, जर्मन मदत आणि 1993 मध्ये स्थापन झालेली वॉटर ही संस्था त्यात होती. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग निधी. सलग समतल चर, दगडी बांध, माती नालाबांध, गॅबियन बंधारे हे शब्द ग्रामसभेच्या रोजच्या बोलण्यात आले. तंत्र म्हणून महाराष्ट्रानं या वीस वर्षांत जे कमावलं ते देशात क्वचितच दुसऱ्या कुणी कमावलं असेल.

पण त्याच वीस वर्षांत जमिनीखाली दुसरी गोष्ट घडत होती. बहात्तरच्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कातळ फोडणारी वेगवान यंत्रं राज्यात आली. हापसे बसले आणि लाखो बायांची डोक्यावरची पायपीट कमी झाली. हा उपकार मोठाच. पुढे हीच यंत्रं शेतात शिरली. खेडोपाडी वीज पोहोचली होती, पंपाला कर्ज मिळत होतं, वीज स्वस्त होती. चाळीस फुटांची विहीर आटली की दोनशे फुटांचं बोअर, ते आटलं की चारशे. माथ्यावर गावानं श्रमदानानं मुरवलेलं पाणी पायथ्याला ज्याचं बोअर सगळ्यात खोल त्याच्या रानात निघू लागलं. कायदा त्याच्या बाजूनं होता, कारण जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं, हीच शंभर वर्षांची समज. पाणी पंचायतीच्या योजनाही या पेचातून सुटल्या नाहीत. आजूबाजूला खासगी बोअर वाढली तसं गटाच्या विहिरीचं पाणी घटलं. वीजबिल थकलं, वारस वाढले, वाद झाले, एकेक योजना बंद पडत गेली. साळुंखे एप्रिल 2002 मध्ये गेले.

या मोकाट उपशाला खुलेपणानं अडवणारं गाव म्हणून हिवरे बाजारचं नाव घ्यावं लागतं. नगर तालुक्यातलं हे गाव 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा इतर गावांसारखंच उजाड होतं. पाणलोटाची कामं तिथेही झाली. पण गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, ऊस नाकारला, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पर्जन्यमापकाचा आकडा वाचून पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. पाऊस कमी तर रब्बीला जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, हे गाव मिळून ठरवतं. पाणी माणशी वाटलं जात नाही, साळुंख्यांइतकं टोक तिथे नाही. तरीही उपसा हा गावाचा विषय आहे, एकट्या शेतकऱ्याचा नाही, एवढं तत्त्व टिकलं, आणि म्हणून तिथल्या विहिरी टिकल्या.

राज्य मात्र खोदतच राहिलं. डिसेंबर 2014 मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि नाले खोल-रुंद करायला गावोगाव यंत्रं लागली. माथ्यावरची कामं वेळखाऊ, ओढ्यातली दिसायला मोठी. साहजिकच भर ओढ्यावर राहिला. 2020 मध्ये महालेखापालांच्या अहवालानं या योजनेच्या परिणामांवर प्रश्न उभे केले. शेततळ्यांचंही तेच झालं. पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठी असलेली तळी प्लास्टिकचा कागद अंथरून बोअरच्या पाण्यानं भरली जाऊ लागली. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी उपसून उन्हात एका माणसाच्या तळ्यात साठवायचं, आणि त्याला अनुदानही मिळायचं.

कायद्याच्या बाजूनं हालचाल झाली, पण उशिरा आणि सावकाश. भूजलाचा व्यापक कायदा विधिमंडळानं 2009 मध्ये मंजूर केला, तो लागू व्हायला 2014 उजाडलं. खोल विहिरींवर मर्यादा आणि पाण्यानुसार पीक आराखडा या गोष्टी त्यात आहेत. गावपातळीवर त्या राबवायचं धाडस फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

दुसऱ्या भागाचा, म्हणजे समान वाटपाचा, धागा सांगलीकडेच जिवंत राहिला. 1993 मध्ये नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकारानं कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली. दर वर्षी आटपाडीत परिषद भरे, गावोगावच्या बाया-माणसं ट्रकमधून येत आणि मागणी एकच असे: कृष्णेचं पाणी उचलून आणा, आणि आणलंत तर सगळ्या गावांना, सगळ्या घरांना समान द्या. कृष्णेवरच्या टेंभू उपसा योजनेचं पाणी अखेर आटपाडीच्या माळावर पोहोचलं. ते उघड्या कालव्यानं तोंडाशी असलेल्या गावांतच जिरू नये म्हणून बंद नळीतून तालुक्यातल्या सगळ्या गावांना वाटायचा आराखडा चळवळीनं अभियंत्यांच्या मदतीनं तयार केला आणि सरकारला तो मान्य करायला लावला. नीरा डावा कालवा सुरू झाल्याला तोवर सव्वाशे वर्षं होऊन गेली होती.